शून्य रेषेवरचे गाव

संकष्टी चतुर्थीच्या रात्री दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहून पाने मांडणारी मराठी घरे उज्जैन, इंदूर, देवास, ग्वाल्हेर या गावांतून आजही पुष्कळ आहेत. दिनदर्शिका बहुधा मुंबई-पुण्याकडची असते आणि तिच्यातली ठळक वेळही तिकडचीच असते. उज्जैनच्या आकाशात चंद्र त्याआधी उगवलेला असतो. किती आधी, असे विचारले तर जाणती मंडळी ‘बारा मिनिटे’ असे उत्तर देतात. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. मुंबई पूर्व रेखांश ७२ अंश ५० कलांवर आणि उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर आहे. अंतर २ अंश ५६ कलांचे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, म्हणून हा फरक पावणेबारा मिनिटांचा होतो. जुन्या पंचांगांत यालाच देशांतर संस्कार म्हणत.

परंतु उज्जैन हे मुंबईच्या केवळ पूर्वेला नाही, चांगले चार अंश उत्तरेलाही आहे. उत्तरेकडे सरकले की उत्तरक्रांतीचा चंद्र लवकर उगवतो आणि दक्षिणक्रांतीचा उशिरा. कार्तिक वद्य चतुर्थीला चंद्र आकाशाच्या उत्तर भागात असतो. त्या दिवशी अक्षांशाचा हा दुसरा फरक पहिल्यात मिळतो आणि चंद्र मुंबईपेक्षा जवळजवळ वीस मिनिटे आधी उगवतो. वैशाख वद्य चतुर्थीला तो दक्षिणेकडे असतो. तेव्हा दुसरा फरक पहिल्याला खाऊन टाकतो आणि दोन्ही गावांच्या वेळा तीन-चार मिनिटांवर येतात. सबंध वर्षभर बारा मिनिटे वजा करणाऱ्या गृहिणीने एका चतुर्थीला उपास उगाच लांबवलेला असतो, तर दुसऱ्या चतुर्थीला चंद्र क्षितिजाखाली असतानाच अर्घ्य दिलेले असते! (शेजारच्या माळवी कुटुंबात याच चतुर्थीला मार्गशीर्ष कृष्ण चतुर्थी म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. आकाश तेच, चंद्र तोच. मोजणी कोठून सुरू करावयाची एवढाच भेद. या भेदाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.)

कोणत्याही गावाची जागा सांगावयास दोन आकडे लागतात आणि ते दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतात. गणितात या आकड्यांना निर्देशक म्हणतात. पोरांच्या आलेख-वहीवर दोन अक्ष काढलेले असतात, एक आडवा आणि एक उभा. पण निर्देशक म्हणजे केवळ हे दोन अक्ष नव्हेत. दोन आकड्यांपैकी एक घट्ट धरून ठेवावा आणि दुसरा मोकळा सोडावा. मग जी रेषा उमटते तिला निर्देशक वक्र म्हणतात. आलेख-वहीत हे सगळे वक्र सरळ रेषाच असतात, जशा ठिपक्यांच्या रांगोळीतल्या ओळी. दळणाचे जाते घेतले तर गोष्ट बदलते. खुंट्यापासूनचे अंतर कायम ठेवून फिरले की वर्तुळ होते; दिशा कायम ठेवून खुंट्यापासून दूर गेले की सरळ आरा होतो. वर्तुळे आणि आरे यांचे हे जाळेही आलेख-वहीइतकेच चोख आहे. वाटोळ्या वस्तूंना ते अधिक सोईचे, एवढेच.

पृथ्वीवर अक्षांश धरून ठेवला की गावागावांतून जाणारे अक्षवृत्त मिळते, आणि रेखांश धरून ठेवला की ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाणारी रेषा मिळते. नागपूर आणि तंजावर ही भोसल्यांची दोन राजधानीची गावे जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. एक ७९ अंश ५ कलांवर, दुसरे ७९ अंश ८ कलांवर. दोन्हीकडे सूर्य डोक्यावर येण्यात बारा सेकंदांचे अंतर पडते. तरीही पौषात तंजावरचा मराठी माणूस नागपूरकराच्या आधी सूर्याला अर्घ्य देतो, कारण त्यांची अक्षवृत्ते दहा अंशांनी निराळी आहेत.

‘अक्ष’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! मुळात तो गाडीच्या कण्याचा शब्द. ज्याच्याभोवती चाक फिरते तो अक्ष. आणि हा कणा जेथे प्रत्यक्ष दगडाचुन्यात बांधून दाखवला आहे, अशी जागा उज्जैनमध्ये शिप्रेच्या काठी जयसिंहपुऱ्यात उभी आहे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ही वेधशाळा बांधविली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी येथील वेधशाळाही त्यांच्याच. मथुरेची आज शिल्लक नाही. उज्जैनचीही दोन शतकांत पडझड झाली होती. सिद्धांतवागीश पंडित नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहावरून महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. आपटे हे या वेधशाळेचे पहिले अधीक्षक. तिला श्री जिवाजी वेधशाळा हे नाव मिळाले आणि १९४२ पासून तेथून दृश्य ग्रहस्थितीचे पंचांग निघू लागले. शिंद्यांच्या दौलतीने महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे केले हे सर्वांच्या तोंडी असते. या पडक्या भिंतीही त्याच दौलतीने उभ्या केल्या, हे मात्र मराठी कुटुंबांतूनसुद्धा क्वचितच बोलले जाते.

या वेधशाळेतील पहिले मोठे यंत्र म्हणजे सम्राट यंत्र. उत्तर-दक्षिण उभी अशी एक त्रिकोणी भिंत आहे आणि तिच्या उतरत्या माथ्यावर पायऱ्या आहेत. पाहणारे त्या पायऱ्या चढतात, छायाचित्र काढतात आणि उतरतात. खरे पाहण्यासारखे आहे ते या माथ्याचे तिरकेपण. जमिनीशी त्याचा कोन उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून किंचित अधिक आहे. त्यामुळे ही कड पृथ्वीच्या आसाला समांतर झाली आहे. रात्री तिच्यावरून नजर लावली तर ती ध्रुवाकडे जाते. भिंतीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला वक्राकार पाळी आहेत आणि त्यांवर तास-मिनिटांच्या खुणा आहेत. कडेची सावली त्यांवरून सरकते.

अंगणात सरळ काठी रोवूनही वेळ कळते, मग एवढा खटाटोप कशाला? कारण उभ्या काठीची सावली सारख्या वेगाने फिरत नाही. सकाळी ती रेंगाळते, दुपारी झपाट्याने वळते आणि हा वेगही ऋतूप्रमाणे बदलतो. तिच्यासाठी रोज नवी तासरेषा आखावी लागेल. उभी काठी हा आपल्या गावाचा अक्ष आहे. तो खस्वस्तिकाकडे, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या बिंदूकडे पाहतो. सूर्याच्या दैनिक फेरीला त्या बिंदूशी काही कर्तव्य नाही. ती फेरी पृथ्वीच्या आसाभोवती होते. काठी कलती करून त्या आसाला समांतर केली, की सावली तासाला नेमके पंधरा अंश चालू लागते, पौषातही आणि ज्येष्ठातही. सूर्य बदलला नाही, सावलीचे गणितही नवे नाही. केवळ अक्ष योग्य जागी ठेवला आणि गुंता सुटला. निर्देशक भूमितीचे मर्म मला या एका भिंतीत जेवढे स्पष्ट दिसते तेवढे पाठ्यपुस्तकाच्या शंभर पानांत दिसत नाही.

नाडीवलय यंत्र हे याच विचाराचे दुसरे अंग. आडव्या दंडगोलाचा कणा पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला आहे, म्हणून त्याची दोन्ही सपाट तोंडे विषुववृत्ताच्या पातळीत आली आहेत. मार्चच्या अखेरीपासून सहा महिने उत्तरेकडील तोंडावर ऊन पडते आणि पुढचे सहा महिने दक्षिणेकडील तोंडावर. सूर्य विषुववृत्ताच्या कोणत्या बाजूला आहे हे तेथे मोजावे लागत नाही, नुसते दिसते. भित्तियंत्र म्हणजे याम्योत्तर वृत्ताच्या पातळीतली भिंत. मध्यान्ही सूर्य खस्वस्तिकापासून किती खाली आहे ते तिच्यावर वाचावयाचे. दिगंश यंत्रात मात्र गावाचाच अक्ष घेतला आहे. वाटोळ्या भिंतीच्या मध्यावर उभा खांब आहे. ग्रह कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती उंच, हे दोन आकडे तेथे मिळतात. ही दोन्ही जाळी एकाच आकाशावर पसरलेली आहेत, एक क्षितिजाचे आणि एक विषुववृत्ताचे. एकातले आकडे दुसऱ्यात कसे न्यावेत याचे गणित म्हणजे सिद्धांतग्रंथांतला त्रिप्रश्नाधिकार.

शंकुयंत्राजवळ अंमळ अधिक थांबावे असे मी प्रत्येकाला सांगत असतो. सपाट वाटोळा ओटा, मध्ये उभा शंकू आणि ओट्यावर सात रेषा. सूर्याच्या बारा सायन संक्रांतींना शंकूच्या सावलीचे टोक ज्या वाटेने जाते त्या या वाटा. बारा संक्रांती आणि सातच रेषा, कारण दोन अयनांत सोडले तर बाकी दहा दिवसांच्या जोड्या जमतात. जाताना आणि येताना सूर्य एकाच क्रांतीवर असतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवसांची रेषा सरळ पूर्व-पश्चिम आहे. इतर सहा वाकड्या आहेत. तिच्या एका बाजूच्या एकीकडे वळलेल्या, दुसऱ्या बाजूच्या दुसरीकडे. आकाशातली समान क्रांतीची वर्तुळे, ज्यांना आपले पूर्वज अहोरात्रवृत्ते म्हणत, ती सावलीच्या वाटेने जमिनीवर उतरली की अशी दिसतात. गणिती त्यांना अपास्त म्हणतात. म्हणजे निर्देशक वक्रांचे एक जाळे ओट्यावर कोरून ठेवलेले आहे, आणि सूर्य त्यावरून रोज बोट फिरवीत जातो.

बारा अंगुळांचा शंकू घेतला तर विषुवदिनी मध्यान्ही सावली शंकूपासून किती लांब पडते, त्या लांबीला पलभा म्हणतात. उज्जैनची पलभा ५ अंगुळे ८ व्यंगुळे. गावोगावच्या पलभांची कोष्टके जुन्या पंचांगांच्या शेवटच्या पानांवर असत आणि मुलांना ती निरर्थक वाटत. वस्तुतः तो त्या गावाचा अक्षांशच होता, सावलीच्या मापात सांगितलेला.

सम्राट यंत्रावर दिसणारी वेळ ही उज्जैनची स्वतःची वेळ आहे. मनगटी घड्याळात ८२॥ अंश रेखांशाची वेळ असते. दोहोंत २६ मिनिटे ५६ सेकंदांचे अंतर, शिवाय सूर्याच्या असमान चालीचा संस्कार वेगळा. नोव्हेंबरच्या आरंभी तो सोळा मिनिटे एका बाजूला जातो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चौदा मिनिटे दुसऱ्या बाजूला. म्हणून यंत्र नोव्हेंबरात घड्याळाच्या अकरा मिनिटे मागे दिसते आणि फेब्रुवारीत एकेचाळीस. पुष्कळ प्रवासी हे पाहून ‘यंत्र बिघडले’ असे म्हणत बाहेर पडतात. यंत्र आपल्या गावाशी इमान राखून आहे, त्याला कोण काय करणार?

आता शून्याचा प्रश्न. अक्षांशाचे शून्य निसर्गाने दिलेले आहे. पृथ्वी फिरते म्हणून तिला आस आहे, आस आहे म्हणून विषुववृत्त आहे. रेखांशाचे शून्य मात्र निसर्गाने कोठेच खुणावलेले नाही. ते माणसांनी ठरवावयाचे. आपल्या ज्योतिषांनी ते उज्जैनवर ठरविले. लंका, अवंती, रोहीतक, कुरुक्षेत्र आणि मेरू यांवरून जाणारी ती मध्यरेषा. सूर्यसिद्धांतात तिचा उल्लेख आहे आणि पुढील ग्रंथकारांनी ती निमूटपणे पत्करली. यातली लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे. उज्जैनची रेषा विषुववृत्ताला जेथे छेदते तो बिंदू म्हणजे लंका, आणि तेथे समुद्राखेरीज काही नाही. दोन निर्देशकांची दोन्ही शून्ये जेथे मिळतात असा तो शुद्ध गणिती आरंभबिंदू.

ही रेषा खरोखर सरळ होती काय? आजच्या मापाने पाहिले तर नाही. रोहतक ७६ अंश ३४ कलांवर आणि कुरुक्षेत्र त्याहूनही थोडे पूर्वेला आहे. उज्जैनपासून उत्तरेकडे जाताना रेषा सुमारे एक अंश, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर पूर्वेकडे झुकते. यात हसण्यासारखे काही नाही. अक्षांश मोजावयास एक काठी आणि एक विषुवदिन पुरतो. रेखांश मोजावयाचा तर चंद्रग्रहणाची वाट पाहावी लागे. ग्रहणाची उज्जैनची वेळ गणिताने काढावयाची, आपल्या गावी ग्रहण प्रत्यक्ष केव्हा लागले ते घटिकापात्रावर पाहावयाचे, आणि जितक्या घटिकांचे अंतर तितक्या सहा अंशांच्या पटीने गाव पूर्वेला किंवा पश्चिमेला. रात्रभर पाण्यावर ठेवलेले वाडगे आणि पसरट कडेची चंद्रछाया, एवढ्या सामग्रीवर एक अंश म्हणजे केवळ दहा पळांची चूक. इतक्या थोडक्या चुकीत त्यांनी देशाचा कणा आखला याचेच मला नवल वाटते.

अक्षांशाबद्दलही मते होतीच. लंकेपासून उज्जैन पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे असे आर्यभटाचे मान आहे, म्हणजे साडेबावीस अंश. वराहमिहिराच्या मते उज्जैनचा अक्षांश २४ अंश. खरा आकडा दोघांच्या मधला आहे.

या मध्यरेषेची कीर्ती देशाबाहेर गेली आणि तेथे तिचे काय झाले ती कथा मोठी मौजेची. अरबांनी सिद्धांतग्रंथ आपल्या भाषेत नेले. उज्जैनचे त्यांच्या लिपीत ‘उझैन’ झाले. त्या लिपीत ‘झ’ आणि ‘र’ यांत केवळ एका टिंबाचा फरक. नकला करणाऱ्याचे ते टिंब गळले आणि ‘अरीन’ हे नवेच नगर जन्मास आले. अरब भूगोलकारांनी त्याला पृथ्वीचा घुमट म्हणून विषुववृत्तावर बसविले, म्हणजे लंकेची जागा उज्जैनला दिली. तेथून ते लॅटिन ग्रंथांत शिरले. पियेर दाय्यी या फ्रेंच धर्मपंडिताच्या ज्या भूगोलग्रंथाचे कोलंबसाने बारकाईने वाचन केले, त्यातही हे अरीन आहे. शिप्राकाठचे एक गाव टिंब हरवून अशा रीतीने अटलांटिक महासागरापर्यंत जाऊन पोहोचले.

१८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि शून्य रेषा ग्रीनिचवरून जाईल असे बहुमताने ठरले. फ्रान्सने मत दिले नाही. जगातील बहुतेक जहाजे ग्रीनिचचेच नकाशे वापरीत होती, हे खरे कारण. निर्णयात भूमिती नव्हती, व्यवहार होता; आणि उज्जैनच्या निवडीतही तेच होते. विद्या आणि व्यापार ज्या नगरीत एकवटले होते तिच्यावरून रेषा गेली. आपल्याकडे हल्ली कोणी ‘आमचे शून्य हिरावले’ असे तावातावाने म्हणतात, तर कोणी उज्जैनची मध्यरेषा ही भोळी समजूत म्हणून उडवून लावतात. मला दोन्ही भूमिका अडाणीपणाच्या वाटतात. शून्य हलविल्याने कोणत्याही गावाचे अंतर बदलत नाही. सर्व रेखांशांत एकच आकडा मिळवावा किंवा वजा करावा लागतो, इतकेच. पण ज्यांनी शून्य मांडले त्यांनी मोजणी सुरू केली होती, याला इतिहासात किंमत आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात हा सर्व व्यवहार अभिनिवेश न ठेवता पाहिला आहे. तो ग्रंथ मराठीत आहे, हे आपले भाग्य.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून देशात एकच प्रमाणवेळ आली. मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही! त्याच सुमारास मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीपुढे प्रश्न आला की राष्ट्रीय पंचांगाचे गणित कोणत्या स्थळासाठी करावे. समितीने रेखांश घेतला ८२॥ अंश, घड्याळाला सोईचा म्हणून. अक्षांश मात्र घेतला २३ अंश ११ कला, उज्जैनचा. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेले राष्ट्रीय पंचांग अशा एका बिंदूवर उभे आहे जेथे कोणतेही पुरातन नगर नाही. फक्त दोन वक्रांचा छेद आहे. आधुनिक काळातली ती लंकाच म्हणा ना!

एका वक्राची हकीकत राहिली. उज्जैन कर्कवृत्तावर आहे असे सर्रास सांगितले जाते. महाकाळाचे देऊळ २३ अंश ११ कलांवर आहे आणि कर्कवृत्त सध्या २३ अंश २६ कलांवर, म्हणजे सुमारे तीस किलोमीटर उत्तरेला. महिदपूर तालुक्यातील डोंगला या खेड्यावरून ते जाते. या स्थानाकडे लक्ष वेधण्याचे श्रेय भीमबेटकाच्या चित्रगुहा उजेडात आणणाऱ्या डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांना देतात. तेथे २०१३ पासून वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा आहे. पृथ्वीच्या आसाचा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी कमी होत असल्याने कर्कवृत्त दरसाल चौदा-पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकत असते. वराहमिहिराच्या काळी ते आजच्याहून आणखी वीसेक किलोमीटर उत्तरेला होते. म्हणजे ऐतिहासिक काळात ते उज्जैनवर कधी नव्हतेच, उलट उज्जैनकडे चालत येत आहे, आणि याच चालीने महाकाळापर्यंत पोहोचावयास त्याला सुमारे एकोणीसशे वर्षे लागतील. तोवर ज्यांना पायाखाली नाहीशी झालेली सावली पाहावयाची आहे त्यांनी २१ जूनला मध्यान्ही डोंगल्याला जावे. उज्जैनच्या शंकुयंत्रापाशी हा चमत्कार वर्षातून दोनदा घडतो, १२-१३ जूनच्या आणि २९-३० जूनच्या सुमारास. मधले दिवसही सूर्य डोक्यापासून पाव अंशापलीकडे ढळत नाही. मात्र घड्याळात बारा वाजता जाऊ नये. जूनमध्ये तेथे मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते, आणि आकाशात मृगाचे ढग नसावेत.